काकूंचा गुणाकार

रजेवर ठाण्याला आले की पहिले दोन दिवस झोपेत जातात, आणि तिसऱ्या दिवशी ‘हातात किती पडतात गं?’ दारात उभं असतं. या वेळी ते दुसऱ्या मजल्यावरच्या काकूंच्या रूपात आलं. सोबत भाची. बीएस्सी नर्सिंग, ऐरोलीच्या एका खासगी हॉस्पिटलात तीन वर्षं स्टाफ नर्स, रोज ट्रान्स-हार्बर लोकलने ये-जा. तिला विचारायचं होतं, ओईटी, म्हणजे परदेशी जाणाऱ्या नर्सची इंग्रजीची परीक्षा, द्यावी की नाही. काकूंना विचारायचं होतं ते वेगळंच.

मी इंग्लंडमध्ये लेस्टरला एका सरकारी हॉस्पिटलात मेडिकल वॉर्डला नर्स आहे, चौथं वर्ष चालू आहे. म्हटलं, माझं सोडा, नवीन येणाऱ्या मुलीचं सांगते. २०२५-२६ मध्ये बँड ५ ची, म्हणजे नव्या नर्सच्या पगारश्रेणीची, सुरुवात वर्षाला ३१,०४९ पौंड. एवढं ऐकताच काकूंनी मोबाइल काढून ११५ ने गुणलं, बाराने भागलं आणि भाचीच्या पाठीवर थाप मारली. ‘महिन्याला तीन लाख!’

टेबलावर महावितरणचं बिल पडलं होतं. ते उलटं केलं आणि मागच्या बाजूला लिहायला बसले.

महिन्याचे होतात २,५८७. त्यातून पेन्शनला ८.३ टक्के, म्हणजे २१५. वर्षाला १२,५७० पर्यंत कर नाही. त्यावरच्यावर २० टक्के इन्कम टॅक्स आणि ८ टक्के नॅशनल इन्शुरन्स. हातात येतात १,९८० च्या आसपास. आणि हे ओस्की, म्हणजे तिथली प्रात्यक्षिक परीक्षा, पास होऊन पिन म्हणजे नोंदणी नंबर मिळाल्यावरचं. तोवर बऱ्याच ठिकाणी एक पायरी खालचा पगार देतात.

शेअरिंगच्या घरातली एक खोली, लाइट-गॅससकट ५२०. जेवण १७०. बस ७०. मोबाइल, युनियन आणि नर्सिंग कौन्सिलची वर्षाची फी बाराने भागून, असे सगळे मिळून ४०. लंडनमध्ये हा कागद इथेच फाडून टाकावा लागेल, खोलीचाच आकडा कुठल्या कुठे जातो. मग भाचीला विचारलं, घरी किती पाठवावे लागतील? ती लगेच म्हणाली, ‘ऐंशी हजार तरी, ताई. शिक्षणाच्या कर्जाचा हप्ता आहे ना.’ म्हणजे ७०० पौंड.

उरले ४८०. त्यातून वर्षाला एकदा घरी यायचं तिकीट. आणि २०२५ च्या नियमाने पाच वर्षांनी आयएलआरचा, म्हणजे कायम राहण्याचा अर्ज करायचा तर त्या वर्षीच्या दराने फी ३,०२९ पौंड. तीही आजपासूनच बाजूला टाकायला हवी, कारण ती भरायची वेळ येते तेव्हा आमच्यातल्या निम्म्या जणी एकमेकींकडे उसने मागत फिरतात. हे दोन्ही वजा करून ३७५. काकूंनी पुन्हा गुणाकार केला, या वेळी जरा हळू. त्रेचाळीस हजार.

नाईट आणि शनिवारला तीस टक्के जादा मिळतात, रविवारला साठ. महिन्यात चार नाईट आणि एक रविवार केला तर कर वगैरे कापून दोनशेच्या आसपास वाढतात. बचत खरी तिथून होते. म्हणून तर लक्ष्मीपूजन रविवारी आलं की आम्ही वॉर्डात असतो आणि फराळ ब्रेकरूममध्ये.

काकूंच्या गुणाकाराला मी हसले, पण तिकडे गेल्यावर मीही गुणाकारच करत होते. फक्त खर्चाचा. पहिल्या हिवाळ्यात बेलग्रेव्ह रोडवर गुजराती दुकानात मेथीची जुडी हातात घेतली. दीड पौंड. मनात १७२ रुपये झाले आणि डोळ्यांपुढे ठाण्यातला जांभळी नाक्याचा बाजार आला. जुडी परत ठेवली. तसाच हीटर बंद ठेवला, बूट घेतले नाहीत, दोन स्टॉप चालत गेले. जानेवारीत छातीत कफ भरून चार दिवस पडून राहिले. इथली माणसं पगाराला गुणतात, तिथली आम्ही मेथीला. दोन्ही आकडे एका कागदावर कोणी लिहीत नाही. आता मी तिथे पौंडाला पौंडच म्हणते. मेथी घेते. फक्त घरी पैसे पाठवायच्या दिवशी रुपयाचा भाव बघते.

या गुणाकारापायी मी एक मोठा मूर्खपणाही केला. पहिल्याच पगाराच्या स्लिपवर पेन्शनची कपात बघून पोटात गोळा आला. पतपेढीचा हप्ता होता, आईच्या पाटल्या गहाण होत्या. बरोबरची म्हणाली, ‘फॉर्म भर, कपात बंद होते.’ भरला. वर्षभर महिन्याला जास्तीचे पैसे आले खरे, पण कपात बंद झाली तेव्हा हॉस्पिटल माझ्या नावाने जे घालत होतं तेही बंद झालं, आणि मालकाचा तो वाटा पगाराच्या २३ टक्क्यांहून जास्त असतो. हे मला कळलं एका फिलिपिनो सिस्टरकडून, नाईटच्या पहाटे तीन वाजता. पुन्हा सुरू केली, पण ते वर्ष गेलं ते गेलं. भाचीला हे दोनदा सांगितलं.

बँकेचंही सांगितलं. तिकडे नोकरीला गेलं की इथलं साधं बचत खातं तसंच ठेवून चालत नाही, ते एनआरओ, म्हणजे परदेशी राहणाऱ्याचं इथल्या पैशांचं खातं, करून घ्यायचं. तिकडून येणारे पैसे एनआरई, म्हणजे परदेशातल्या कमाईच्या खात्यात. त्याच्या व्याजावर इथे कर नाही, एनआरओच्या व्याजावर मात्र टीडीएस कापतात. जुनं पीपीएफ मुदतीपर्यंत चालू ठेवता येतं.

एवढ्यात काकूंनी खरी गोष्ट बाहेर काढली. वाशीतला कोणी एजंट ‘प्रोसेसिंग’चे दोन लाख मागत होता, पन्नास हजार आजच. मी म्हटलं, एक रुपया देऊ नका. इंग्लंडच्या भरतीच्या आचारसंहितेत नर्सकडून असे पैसे घ्यायला मनाई आहे, एजन्सीला पैसे हॉस्पिटल देतं. मुलीच्या खिशातून जातं ते परीक्षांचं: ओईटीची फी वेगळी, मग २०२५ च्या दरांनी सीबीटी, म्हणजे कॉम्प्युटरवरची परीक्षा, ८३ पौंड, कौन्सिलचा अर्ज १४०, नोंदणी १५३. ओस्कीचे ७९४ आणि विमानाचं तिकीट बहुतेक हॉस्पिटलं भरतात. पण करारात बारीक अक्षरात असतं की ठरलेल्या मुदतीआधी सोडलंस तर परत दे. ते पान सहीच्या आधी वाचायचं. मी सही केल्यावर वाचलं होतं.

काकू गप्प होत्या. मग म्हणाल्या, ‘म्हणजे त्रेचाळीस हजारांसाठी एवढं लांब?’ भाची पटकन म्हणाली, ‘मावशी, घरी ऐंशी पाठवून वर त्रेचाळीस. मला आत्ता सगळे मिळून अठ्ठावीस मिळतात.’ ते बिल तिने घडी घालून पर्समध्ये टाकलं.

संध्याकाळी बाबा बिल शोधायला लागले, उद्या शेवटची तारीख. भाचीला मेसेज केला तर तिने दोन्ही बाजूंचा फोटो पाठवला. मागच्या बाजूला माझ्या आकड्यांखाली तिच्या अक्षरात एक ओळ वाढली होती: ‘भावाची फी १५०’. ३७५ वर काट मारून २२५ केलं होतं. खाली विचारलं होतं, ‘ताई, ओईटीच्या रायटिंगमध्ये सी प्लस ग्रेड चालतो ना?’

चालतो. मीही त्याच्यातच एकदा नापास झाले होते. सरावाची दोन पत्रं लिहून पाठव म्हटलंय, रविवारपर्यंत तपासून देते.