उंदराने खाल्लेली पंधरा पिनांची केबल

आमच्या हॉलमधल्या ५.१ स्पीकर सेटचा (पाच स्पीकर आणि खर्जाच्या आवाजाचा एक सबवूफर) सगळा जीव सबवूफरमध्ये आहे. ट्रान्सफॉर्मर, ॲम्प्लिफायर, सगळं त्या जड पेटीत. आवाज कमी-जास्त करायचा कंट्रोल बॉक्स टीव्हीखाली, आणि दोघांना जोडणारी एकच जाड केबल. यंदा कूलर बसवायला सबवूफर सरकवला तर मागे काळ्या रबराचा भुगा. उंदीरमामांनी केबल मधोमध कुरतडली होती.

सर्व्हिस सेंटरवाल्याने दोन वाक्यांत निकाल लावला: "मॉडेल बंद झालं, मॅडम. केबल सुटी येत नाही." वर नवा सेट बघायचा सल्ला. धडधाकट ॲम्प्लिफायर आणि पाच स्पीकर एका केबलपायी भंगारात? मला नाही पटलं.

पुतण्या म्हणाला, "काकू, ही तं मॉनिटरचीच केबल आहे! माळ्यावर पडून आहे ना एक." दिसायला अगदी तशीच. पाच-पाच पिनांच्या तीन ओळी, बाहेर तोच पत्र्याचा आकार. पण मी ज्युनिअर कॉलेजात फिजिक्स शिकवते. मोजल्याशिवाय जोडू नका म्हणून पोट्ट्यांच्या मागे वर्षभर लागते, तर घरी कशी सोडीन?

मल्टिमीटर बीपवर ठेवून (दोन टोकं आतून जोडलेली असली की तो वाजतो) आधी मॉनिटरची केबलच तपासली. ६, ७, ८ आणि १० नंबरच्या पिना एकमेकींशी बोलतात, बाहेरच्या पत्र्याशीही. व्हीजीएमध्ये, म्हणजे मॉनिटरच्या या जोडणीत, १, २, ३ वर लाल, हिरवा, निळा सिग्नल असतो आणि ६, ७, ८ त्यांच्या परतीच्या वाटा. स्वस्त केबलमध्ये त्या सरळ ग्राउंडला, म्हणजे सामाईक शून्य तारेला, एकत्र बांधून टाकतात. ९ नंबरची तार तर पुष्कळदा नसतेच. आमच्या सेटला याच पिनांमधून सहा चॅनेलचे सिग्नल, बॉक्सचा वीजपुरवठा आणि कंट्रोलच्या तारा न्यायच्या. त्यातल्या चार पिना परस्पर ग्राउंडला गेल्या तर आवाज राहिला बाजूला, एखादा आयसी (चिप) जायचा. कंपनीने बाजारात सर्रास मिळणारा प्लग घ्यावा आणि आतली जोडणी मात्र स्वतःची ठेवावी, हा मला सरळ खोडसाळपणा वाटतो. वेगळ्या आकाराचा प्लग असता तर निदान चुकीची केबल त्यात शिरली तरी नसती.

उंदराने एक उपकार केला होता. दोन्ही टोकांचे प्लग शाबूत होते. मधला चावलेला भाग कापला, दोन्हीकडची साल काढली, रंगीत तारा मोकळ्या केल्या. मग एक प्रोब पिनेला, दुसरा एकेका तारेला. बीप आली की वहीत नोंद. पुतण्या लिहीत होता, मी सांगत होते. तारा पंधरापेक्षा कमी भरल्या. सिग्नलच्या तारांवर स्वतंत्र जाळी, आणि सगळ्यांवरून एक फॉइल.

सबवूफरकडच्या प्लगमध्ये दोन पिना एकमेकींशी बीप देत होत्या आणि बाहेरच्या एकाही तारेशी नाही. मीटरचा सेल उतरला असेल म्हणून बदलून पाहिला, तेच. शेवटी ब्लेडने प्लगचं रबर सोललं. आत नखाएवढी निळी तार, एका पिनेवरून निघून शेजारचीला सोडून पुढचीवर टेकवलेली. ती केबलमधून कुठेच जात नाही. केबल लागली आहे हे ॲम्प्लिफायरला कळावं, एवढंच तिचं काम. ती नसेल तर मेन चालूच होत नाही. म्हणजे पंधराच्या पंधरा तारा सरळ असलेली केबल आणली असती तरी सेट मुका राहिला असता.

ग्राउंड कोणती, ते बॉक्सनेच सांगितलं. एक प्रोब आरसीए सॉकेटच्या (ऑडिओची गोल पिन जिथे लागते त्या) बाहेरच्या कड्याला लावून दुसरा सगळ्या पिनांवरून फिरवला. बीप देतात त्या ग्राउंड. हे सगळं प्लग भिंतीतून उपसून करायचं, आणि कपॅसिटरमध्ये साठलेली वीज उतरायला थोडा वेळ देऊन.

सामान नागपूरच्या बर्डीवर, मोदी नंबर तीन या गल्लीत मिळालं: सोल्डर करायचे पंधरा पिनांचे दोन प्लग, कव्हर, जाळीवाली मल्टिकोअर केबल. दुकानदार साध्या फ्लॅट केबलचा आग्रह धरून होता, "चालते ना ताई, काऊन पैसे घालता?" चालली असती, पण जाळी नसल्यामुळे मेन्सच्या ५० हर्ट्झची घरघर घेऊन.

मे महिन्यातल्या नागपुरात पंखा बंद करून सोल्डरिंग करणं हे पाप फेडण्यासारखं आहे. पण वाऱ्यात टाका नीट बसत नाही. ओळी इतक्या जवळ की प्रत्येक टाक्यावर आधी श्रिंक स्लीव्ह (गरम केली की आवळून बसणारी नळी) चढवावी लागते. सगळं झाल्यावर प्रत्येक पिन शेजारणीशी पुन्हा तपासली.

पहिल्यांदा चालू करताना सेट थेट बोर्डाला लावला नाही. रेडिओ दुरुस्तीवाले वापरतात तसा सिरीजचा बोर्ड, मध्ये शंभर वॅटचा बल्ब. शॉर्ट असेल तर बल्ब लख्ख पेटून राहतो. आमचा भपकन पेटला आणि मंद झाला. आई देवघरातून ओरडल्या, "लागलं का गं?" लागलं होतं.

हाताशी वेळ होता म्हणून मागच्या स्पीकरची उलट-सुलटही तपासली. स्पीकरच्या तारा ॲम्प्लिफायरमधून काढून दीड व्होल्टचा सेल क्षणभर टेकवायचा. सेलचा प्लस स्पीकरच्या प्लसला असेल तर पडदा बाहेर येतो. आणि पाचही स्पीकरचे मायनस एकत्र बांधून तार वाचवायला जाऊ नका. ब्रिज पद्धतीच्या ॲम्प्लिफायरमध्ये मायनसलाही सिग्नल असतो, तो ग्राउंड नव्हे.

माझ्या वहीतला पिनांचा तक्ता इथे मुद्दाम देत नाही. प्लग सारखा दिसतो म्हणून कोणी तो दुसऱ्या सेटला लावेल. आपली केबल आपणच मोजा. नवी केबल मी जमिनीवरून न नेता भिंतीला केसिंग पट्टी ठोकून तिच्यातून नेली आहे, दोन्ही तोंडं एम-सील लावून बंद.