‘कादंबऱ्या’पर्यंत न पोहोचणारा दुवा

आमच्या गावच्या वाचनालयाची पुस्तकसूची संकेतस्थळाच्या एकाच लांबलचक पानावर आहे. कथा, कादंबऱ्या, चरित्रे, नाटके असे चौदा विभाग एकाखाली एक येतात, आणि मोबाइलवर शेवटच्या दिवाळी अंकांपर्यंत जायचे तर अंगठा दुखेपर्यंत पान सरकवावे लागते. पानाच्या आरंभी अनुक्रमणिका असावी आणि तिच्यातील नावावर बोट ठेवताच वाचक थेट त्या विभागापाशी जावा, अशी ग्रंथपालबाईंची मागणी होती. एका संध्याकाळचे काम आहे, असे मी त्यांना सांगून बसलो. प्रत्यक्षात तीन रविवार गेले.

तत्त्व सोपे आहे. ज्या मथळ्यापाशी न्यायचे त्याला आयडी, म्हणजे वाचकाला न दिसणारे एक ओळखनाव, द्यायचा आणि दुव्याच्या पत्त्यात # हे चिन्ह लिहून त्यापुढे तोच आयडी जसाच्या तसा लिहायचा. मी हे शिकलो त्या काळी मथळ्याआधी अँकरचा रिकामा टॅग (ब्राउझरसाठी लिहिलेली खूण) ठेवून त्याला ‘नेम’ देण्याची पद्धत होती, आणि हाताच्या सवयीने पहिले दोन विभाग मी तसेच केले. ब्राउझर ते अजूनही चालवून घेतात, परंतु २०१४ साली प्रमाण म्हणून मान्य झालेल्या एचटीएमएल ५ ने, म्हणजे संकेतस्थळाची पाने ज्या भाषेत लिहितात तिच्या पाचव्या आवृत्तीने, ती पद्धत कालबाह्य ठरवली आहे, म्हणून ते टॅग काढून आयडी मथळ्यांनाच दिले. देवनागरी आयडी वापरण्याचा मोहही मला एचटीएमएल ५ मुळेच झाला, कारण एचटीएमएल ४ मध्ये आयडीचा आरंभ रोमन अक्षरानेच व्हावा अशी अट होती, तर आता तो रिकामा नसावा, त्यात मोकळी जागा नसावी आणि एका पानात तो दोनदा येऊ नये, एवढीच बंधने उरली आहेत. ‘दिवाळी अंक’मधल्या मोकळ्या जागेत मी जोडरेघ घातली.

सगळे दुवे चालू लागले, फक्त ‘कादंबऱ्या’ चालेना. त्यावर बोट ठेवले तरी पान जागचे हलत नसे. # च्या पुढचा भाग ब्राउझर सर्व्हरकडे पाठवतच नाही, त्यामुळे अशा वेळी ‘पान सापडले नाही’ असा संदेशही येत नाही. चूक झाली आहे हेच कोणी सांगत नाही. आयडी आणि दुवा मी शेजारी शेजारी ठेवून अक्षर अक्षर वाचले, पण डोळ्यांना तसूभरही फरक दिसेना. दुसऱ्या रविवारी मी दोन्ही रूपांचे पत्ते ब्राउझरमध्ये उघडून तिथून नकलून घेतले. असा पत्ता नकलला की प्रत्येक देवनागरी चिन्हाचे टक्केचिन्हांसह नऊ खुणांत रूपांतर होते. माझ्या दुव्यातील शब्द ८१ खुणांचा भरला आणि मथळ्याच्या आयडीतील ९०. जादा तुकडा सापडला तो अर्ध्या ‘र’पाशीच. मी मोबाइलवरून टंकताना ‘ऱ’ हे स्वतंत्र अक्षर उमटले होते, तर मथळा ज्या जुन्या फाइलीतून आला होता तिच्यात साधा ‘र’, हलन्त आणि त्यापुढे न दिसणारे जोडचिन्ह, अशी रचना होती. पडद्यावर दोन्ही ‘ऱ्या’ सारखेच दिसतात, पण ब्राउझर आयडी जुळवताना चिन्हेच ताडून पाहतो. ‘पायऱ्या’, ‘तऱ्हा’, ‘गिऱ्हाईक’ अशा कोणत्याही शब्दाबाबत हे घडू शकते, आणि इंग्रजी पुस्तकांतून हे काम शिकलेल्या माणसाला त्याची कल्पना येण्याचे कारणच नाही.

शेवटी मी सगळे आयडी लहान रोमन अक्षरांत केले. मनाला ते पटले नाही, परंतु वाचनालयाचे दुवे व्हॉट्सॲपवर फिरतात, आणि टक्केचिन्हांची ती लांबलचक माळ पाहून एका सभासदाने हा फसवणुकीचा संदेश तर नव्हे, असे विचारले होते. रोमन आयडीत लहान आणि मोठी अक्षरे वेगळी धरली जातात, एवढे ध्यानात ठेवावे लागते.

तिसरा रविवार वरच्या पट्टीने घेतला. वाचनालयाचे नाव असलेली ही पट्टी पान सरकवले तरी जागची हलत नाही, त्यामुळे दुवा बरोबर पोहोचूनही मथळा तिच्याखाली दडत असे आणि वाचकाला एकदम पुस्तकांची यादीच दिसे. मथळ्यांना सीएसएसमध्ये, म्हणजे पानाची मांडणी ठरवणाऱ्या भाषेत, ‘स्क्रोल-मार्जिन-टॉप’ (दुव्याने पोहोचल्यावर वर सोडायची जागा) दिल्यावर हे मिटले. पट्टी ६४ पिक्सेलची आहे, मी ८० दिले. पान संथपणे सरकण्याची सोयही मी हौसेने घातली होती, पण चौदाव्या विभागापर्यंतची ती धावती सफर पाहून बाईंनी कपाळाला हात लावला, तेव्हा काढून टाकली. प्रत्येक विभागाखाली ‘वर जा’ असा दुवा द्यावा, असाही विचार होता. मात्र फोनवरच्या मागे जाण्याच्या बटणानेच वाचक अनुक्रमणिकेत परततात, हे पाहून तो सोडून दिला.

तोपर्यंत देवनागरी आयडी असलेले तीन विभागांचे दुवे सभासदांकडे गेलेलेच होते. ते निरुपयोगी होऊ नयेत म्हणून त्या तीन मथळ्यांआधी जुना आयडी दिलेला एकेक रिकामा स्पॅन टॅग मी ठेवला आहे, आणि तो काढू नये अशी सूचनाही त्याच्या शेजारीच लिहून ठेवली आहे.