तुम्ही विचारलंत म्हणून: मंगळावर हुकूम कोणाचा?

पालक आणि शिक्षक हमखास विचारतात: मुलांना अंतराळ शिकवता ते ठीक, पण त्याच दिवशी राज्यपद्धतीही का घेता? एक विज्ञान, दुसरं नागरिकशास्त्र, मग सरमिसळ कशाला? आणि हेच घरी किंवा शाळेत करायचं तर सुरुवात कुठून करायची?

सुरुवात मोहरीच्या दाण्यापासून करा. सरमिसळ का, याचं उत्तर त्या दाण्याजवळ उभं राहिल्यावरच मिळतं.

१ मिलिमीटर म्हणजे १०,००० किलोमीटर, हे एकच प्रमाण धरा आणि शेवटपर्यंत सोडू नका. सूर्याचा व्यास सुमारे १३ लाख ९२ हजार किलोमीटर, म्हणून पुठ्ठ्याची १४ सेंटिमीटरची चकती कापून पिवळी रंगवा. पृथ्वी १.३ मिलिमीटरची, म्हणजे बारीक मोहरीचा एक दाणा. शुक्रही तसाच. मंगळाला खसखशीचा दाणा, बुधाला रव्याचा कण. गुरूला १४ मिलिमीटरची काचेची गोटी, शनीला भिजवलेला काबुली चणा, युरेनस आणि नेपच्यूनला एकेक मिरी. हे सगळं स्वयंपाकघरात सापडतं, गोटी तेवढी मुलांकडून मागून घ्या.

आता मैदानावर चला. पृथ्वी सूर्यापासून १५ मीटरवर, मोठ्या माणसाची २० पावलं. मंगळ २३ मीटरवर, गुरू ७८ वर, शनी १४३ वर. नेपच्यून ४५० मीटरवर, म्हणजे बहुतेक शाळांच्या फाटकाबाहेर. तिथवर चालत जाणार असाल तर सोबत आणखी एक मोठं माणूस घ्या. सर्वांत जवळचा तारा याच प्रमाणात सुमारे ४,००० किलोमीटरवर येतो. मुंबईत सूर्य ठेवला तर तो तारा सिंगापूरच्याही थोडा पलीकडे.

इथे दोन गोष्टी बिघडतात. पहिली म्हणजे दाणे गवतात हरवतात. प्रत्येक दाणा दहा सेंटिमीटरच्या पांढऱ्या कार्डावर पारदर्शक चिकटपट्टीने आधीच लावा, आणि कार्ड बांबूच्या काडीला बांधून जमिनीत खोचा. दुसरी चूक जास्त महत्त्वाची. ग्रह दिसत नाहीत म्हणून लोक चेंडू वापरतात आणि अंतरं मात्र वर्गात मावतील एवढीच ठेवतात. आकाराला एक प्रमाण आणि अंतराला दुसरं, असं झालं की मुलाच्या मनात ग्रह एकमेकांना खेटून बसतात. पाठ्यपुस्तकातल्या चित्रात ते तसेच असतात, कारण पानाला तेवढीच जागा. तो समज पायी चालल्याशिवाय जात नाही. मोहरी दिसत नाही अशी तक्रार मुलं करतील. करू द्या, तेच तर त्यांना कळायला हवं आहे.

मोहरीजवळ जरा जास्त वेळ थांबा. चंद्र तिच्यापासून चार सेंटिमीटरला थोडा कमी. आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानक सुमारे ४०० किलोमीटर उंचीवरून फिरतं, म्हणजे दाण्यापासून ०.०४ मिलिमीटर, केसाच्या जाडीपेक्षाही कमी. माणूस आजवर चंद्राच्या पल्ल्यापर्यंतच गेला आहे. मुलांना अंगठा आणि तर्जनी तेवढी फाकवायला सांगा, मग मान वर करून मंगळाच्या काडीकडे बघायला सांगा.

याच प्रमाणात प्रकाश सेकंदाला ३ सेंटिमीटर चालतो. मुंगीची चाल. रेडिओचा संदेशही त्याच वेगाने जातो. पृथ्वी आणि मंगळ सर्वांत जवळ येतात तेव्हा त्यांच्यातलं अंतर साडेपाच कोटी किलोमीटरच्या आसपास, म्हणजे साडेपाच मीटर. सर्वांत दूर असताना चाळीस मीटर. निरोपाला एका बाजूने तीन ते बावीस मिनिटं लागतात, आणि प्रश्नोत्तराला त्याच्या दुप्पट.

हे नुसतं सांगून भागत नाही. साडेपाच मीटरची सुतळी जमिनीवर ताणा आणि दर ३० सेंटिमीटरला खडूची खूण करा. एका टोकाला तीन मुलं, ही पृथ्वी. दुसऱ्या टोकाला बारा मुलं, हा मंगळावरचा तळ. मधे एक मूल चिठ्ठी घेऊन दर दहा सेकंदांना एक खूण पुढे सरकतं. बोलायचं नाही, खाणाखुणा नाहीत, फक्त चिठ्ठी. मग मंगळाच्या हाती पहिलं कार्ड द्या: "रोपांच्या खोलीतून हवा गळते आहे. दार बंद केलं तर पुढच्या महिन्याचं खाणं मरेल. नाही केलं तर चार मिनिटांत सगळ्यांची हवा संपेल." मुलं घाईघाईने पृथ्वीला विचारतात, "काय करू?" चिठ्ठी खडूच्या खुणांवरून सरकत जाते, सगळे तिच्याकडे बघत राहतात, आणि ती तिकडे पोचेपर्यंत तीन मिनिटं संपलेली असतात. उत्तर यायला आणखी तीन. हाकेच्या अंतरावरची माणसं मदत करू शकत नाहीत हे मुलांच्या तोंडावर लख्ख दिसतं. तेवढ्यात कोणीतरी ओरडतं, "अरे, आपणच ठरवू या ना!"

तिथे नागरिकशास्त्र सुरू होतं. पुढचा प्रश्न आपोआप येतो: आपण म्हणजे कोण? म्हणून हे दोन विषय आम्ही तोडत नाही. लोकशाही, राजेशाही, हुकूमशाही हे शब्द व्याख्येने शिकवले की मूल ते परीक्षेपुरते पाठ करतं. हुकूम द्यायला वर कोणीच नाही अशा जागी उभं केलं, की त्यातला प्रत्येक शब्द त्याला स्वतःला लागतो.

आता वाटणीचा खेळ. सुके काबुली चणे म्हणजे प्राणवायू. माणसाला दिवसाला साधारण ८४० ग्रॅम प्राणवायू लागतो. खेळात प्रत्येकाला दिवसाचे दोन चणे, म्हणजे बाराजणांना २४. गळतीनंतर वाटीत २०च ठेवा. चणेच घ्या, गोळ्या-चॉकलेट नको, कारण साठा खेळ संपायच्या आत पोटात जातो. पाच वर्षांखालचं भावंड आसपास असेल तर वाटी उंचावर ठेवा.

प्रत्येक फेरी दहा मिनिटांची. पहिल्या फेरीत राजा, आणि तो चिठ्ठी टाकूनच ठरवा. दांडगट मुलाला हुकूमशहा आणि शहाण्या मुलीला पंतप्रधान नेमलं की मुलं पद्धत न बघता माणूस बघतात, आणि त्या मुलाला पुढे महिनाभर त्याच नावाने हाक मारतात. पहिला राजा बहुधा चांगला निघतो. स्वतः एकच चणा घेतो, नीट वाटतो, सगळे खूश. इथे खेळ थांबवला तर मुलं "राजाच बरा" असं शिकून घरी जातील. म्हणून दुसरं कार्ड: राजा वारला, पुढची चिठ्ठी काढा. दुसरा राजा कसा निघेल ते कुणाच्या हातात नसतं, आणि वंशपरंपरेची अडचण तेवढ्यात समजते.

दुसऱ्या फेरीत सेनापती. गळतीच्या वेळी तो सर्वांत झटपट निर्णय घेतो, हे प्रामाणिकपणे मान्य करा. हुकूमशाही प्रत्येक वेळी हरेल अशी कार्डं करू नका, मुलांना लबाडी लगेच कळते. फक्त शेवटी विचारा: "संकट संपलं. आता याला काढायचं कसं?"

तिसऱ्या फेरीत हात वर करून बहुमत. बऱ्याचदा सातजण एक होतात, दोन-दोन चणे घेतात आणि उरलेल्या पाचांसाठी सहा ठेवतात. मतदान अगदी नियमाने झालेलं असतं, तरी पाचजण चिडतात. इथे मोठ्यांनी मधे पडून "असं करू नये" म्हणायचं नाही. पाचांना पाच मिनिटं द्या आणि एकच काम सांगा: बहुमतालाही मोडता येणार नाही असा एक नियम लिहा. त्यांनी "प्रत्येकाला निदान एक चणा मिळालाच पाहिजे" असं लिहिलं, की भारताच्या संविधानाचा तिसरा भाग काढून दाखवा. मूलभूत हक्क कशासाठी असतात, हे ज्या मुलाचा चणा गेला त्याला समजावून सांगावं लागत नाही. नियम मोडला तर दाद कोणाकडे मागायची, असं एखादी मुलगी विचारेलच. तिला कलम ३२ दाखवा, थेट सर्वोच्च न्यायालय.

सहा-सात वर्षांच्या मुलांना फक्त चालणं आणि चिठ्ठी पुरे. वाटणीचा खेळ नऊच्या पुढे. बारा वर्षांनंतर खरे देश घ्या आणि प्रत्येकाबद्दल दोनच प्रश्न विचारा: सत्तेवर कसा येतो, कसा जातो? भूतानमध्ये राजा आहे, पण २००८च्या संविधानानुसार ६५व्या वर्षी त्याला पायउतार व्हावं लागतं. त्याच वर्षी नेपाळने राजेशाहीच संपवली. स्वित्झर्लंडमध्ये सातजणांचं मंडळ सरकार चालवतं आणि अध्यक्षपद दरवर्षी फिरतं. आपला पंतप्रधान लोकसभेचा विश्वास असेपर्यंतच राहतो. गडचिरोलीतल्या मेंढा-लेखाची ग्रामसभा बहुमतानेही नाही, सर्वसहमतीने निर्णय घेते. बाराजणांत सर्वसहमती करून बघा. वेळ खूप लागतो, पण नंतर कुरकुर करणारं कोणी उरत नाही. चालू राजकारणातल्या पक्षांची नावं मात्र आणू नका, खेळ तिथेच संपतो.

चंद्र कोणाचा, हा प्रश्न कधी ना कधी येतोच. १९६७च्या अंतराळ करारानुसार कोणत्याही देशाला चंद्रावर किंवा ग्रहांवर मालकी सांगता येत नाही. भारतही त्या करारात आहे. यानं मात्र ज्या देशाची त्याचीच राहतात. २३ ऑगस्ट २०२३ला उतरलेलं विक्रम लँडर भारताचं, त्याच्या पायाखालची माती कोणाचीच नाही. मुलं यावर बराच वेळ भांडतात, भांडू द्या.

आकाश बघायला पावसाळा सोडा, कार्तिक-मार्गशीर्षात जा. चंद्र पौर्णिमेला बघू नका, उजेड समोरून पडल्याने विवरं सपाट दिसतात. शुक्ल अष्टमीच्या सुमाराला अर्ध्या चंद्राच्या कडेवर सावल्या लांब पडतात, तेव्हा १०×५०ची, म्हणजे दहा पट मोठं दाखवणारी आणि ५० मिलिमीटर भिंगांची, दोन डोळ्यांची दुर्बीण भिंतीला टेकवून धरा. ५०० पट मोठं दाखवते असं खोक्यावर लिहिलेली छोटी दुर्बीण घेऊ नका. भिंगाचा व्यास जितके मिलिमीटर, त्याच्या दुपटीपलीकडे मोठं केलेलं चित्र नुसतं धूसर होतं.

नियम लिहिलेला मुलांचा कागद जपून ठेवा. पुढच्या वेळी नवी मुलं येतील, त्यांना तो आधी वाचायला द्या. "आम्ही लिहिलाच नाही, मग आम्ही का पाळायचा?" असं ती विचारतील. तेव्हा बारापैकी किती हात वर झाले की नियम बदलेल, तो आकडा त्यांच्याकडूनच ठरवून त्याच कागदाखाली लिहून घ्या.