ग्रंथपालाला पदवी कशाला, आणि पगाराची तक्रार का?

‘पुस्तके द्यायची आणि परत घ्यायची, एवढेच काम असेल तर त्याला पदव्युत्तर पदवी कशाला लागते, आणि पगार कमी असल्याची तक्रार तरी कशासाठी?’ हा प्रश्न मला नातेवाईक विचारतात आणि आमच्याच वाचनकक्षात वर्षानुवर्षे बसणारे अभ्यासकही विचारतात. त्यांच्या मनात अढी नसते. त्यांना देवघेवीचे टेबल तेवढे दिसते, आणि त्या टेबलावरचे काम खरोखरच थोड्या दिवसांत शिकता येते. आमचा पगार मात्र त्या टेबलाकडे पाहून ठरतो आणि अपेक्षा त्यामागच्या कामाची केली जाते, हे माझे दुखणे आहे.

त्या मागच्या कामाचे एक उदाहरण देते. धरणाच्या बांधकामावरील मजुरांमध्ये पसरणाऱ्या हिवतापाविषयी एखादे पुस्तक दाखल होते. पुस्तकांना विषयानुसार क्रमांक देणाऱ्या ड्यूई दशांश वर्गीकरणात ते ६१४ खाली सार्वजनिक आरोग्यात बसते, ६२७ खाली जलअभियांत्रिकीत बसते आणि ३३१ खाली श्रम-अर्थशास्त्रातही बसते. प्रत मात्र एकच असते आणि तिला कपाटात जागाही एकच मिळते. म्हणून प्रस्तावना, अनुक्रमणिका आणि संदर्भसूची चाळून लेखकाचा रोख ओळखावा लागतो, त्यानुसार वर्गांक, म्हणजे विषयाचा क्रमांक, द्यावा लागतो, आणि उरलेल्या दोन वाटांनी शोधत येणाऱ्यांसाठी तालिकेत, म्हणजे ग्रंथालयाच्या पुस्तकसूचीत, नेमकी विषयशीर्षके घालावी लागतात. हा निर्णय चुकला तर पुस्तक असूनही नसल्यासारखे होते, आणि त्याची तक्रारही कोणी करीत नाही, कारण जे सापडलेच नाही ते ग्रंथालयात होते हे वाचकाला कळायला मार्गच नसतो. निर्णय अचूक ठरला तर पुस्तक पटकन मिळते आणि वाचक कामाला लागतो. वेतन ठरवणाऱ्या समितीपुढे यातले काहीच जात नाही. तिथे फक्त देवघेवीचे आकडे जातात.

कमी पगाराला इतिहासही आहे. १८७७ साली लंडनमध्ये भरलेल्या ग्रंथपालांच्या परिषदेत अमेरिकन ग्रंथालय संघाचे पहिले अध्यक्ष जस्टिन विन्सर यांनी स्त्री-कर्मचाऱ्यांची भलामण करताना, तेवढ्याच पगारात मिळणाऱ्या पुरुषांपेक्षा त्या कितीतरी सरस ठरतात, असा हिशेब उघडपणे मांडला होता. दहा वर्षांनी दशांश वर्गीकरणाचे जनक मेलविल ड्यूई यांनी न्यूयॉर्कच्या कोलंबिया महाविद्यालयात ग्रंथपालांसाठी पहिली शाळा काढली, तेव्हा २० विद्यार्थ्यांपैकी १७ स्त्रिया होत्या. शिकलेल्या स्त्रियांना इतर व्यवसायांचे दरवाजे बंद होते, म्हणून त्या कमी पैशांत मिळत होत्या. आणि एकदा कमी ठरलेले वेतन पुढे त्या कामाचीच किंमत मानले गेले. परिचारिकांच्या आणि शाळेतल्या शिक्षिकांच्या वाट्यालाही हेच आले.

या कामाला शास्त्राची बैठक नाही, असेही कोणी म्हणते. गणिताचे अध्यापन सोडून १९२४ साली मद्रास विद्यापीठाचे ग्रंथपाल झालेल्या शि. रा. रंगनाथन यांनी १९३१ साली ग्रंथालयशास्त्राची पाच सूत्रे आणि १९३३ साली द्विबिंदू वर्गीकरण ही पुस्तकांच्या वर्गीकरणाची नवी पद्धत मांडली. एका विषयाचे पैलू सुटे करून त्यांची पुन्हा पद्धतशीर जुळणी कशी करावी, हा त्यांचा विचार माहितीची मांडणी करणाऱ्यांच्या आजही उपयोगी पडतो.

पगाराइतकाच मला मानाचा प्रश्न महत्त्वाचा वाटतो. मी पूर्वी ज्या संस्थेत होते तिथे नियतकालिकांच्या दोन महागड्या ऑनलाइन संग्रहांची वर्गणी भरून झाल्यावर कागद माझ्याकडे नोंदीसाठी आले. दोन्ही याद्या शेजारी ठेवून पाहिल्या, तर बरीचशी नियतकालिके दोन्हीकडे तीच होती. करार होण्याआधी मला विचारले असते तर हे ध्यानात येऊन पैसे वाचले असते. पण ग्रंथपालाला त्या बैठकीला बोलवावे असे कोणाला सुचले नव्हते.

म्हणून सुरुवातीचा प्रश्न विचारणाऱ्यांना माझे एवढेच सांगणे आहे: जाहिरातीत अध्यापकांइतकी पात्रता मागितली जात असेल, तर वेतनश्रेणीही त्यांच्याइतकी द्यावी, आणि ग्रंथखरेदीचे व वर्गणीचे निर्णय होतात त्या समितीत ग्रंथपालाला मतासह जागा द्यावी.