टिप नेमकी कुणाच्या हाती पडते?

हॉटेलात उतरलेल्या पाहुण्याकडून टिप बहुधा त्यालाच मिळते, जो त्याच्या समोर उभा असतो. दार उघडणारा, टॅक्सी बोलावणारा, सामान खोलीपर्यंत आणून दिव्यांची बटणे दाखवणारा, ही सगळी माणसे नजरेसमोर असतात आणि त्यांच्यापुढे हात आपोआप खिशाकडे जातो. पाहुणा बाहेर पडल्यावर येऊन चादरी बदलणारी, न्हाणीघर घासणारी आणि कचरा उचलणारी व्यक्ती त्याला बऱ्याचदा एकदाही दिसत नाही, त्यामुळे तिला काही द्यायचे राहून जाते. टिप किती द्यावी याविषयी पुष्कळ लिहिले जाते. मला त्याआधीचा प्रश्न अधिक महत्त्वाचा वाटतो: आपण दिलेले पैसे कुणाच्या हाती पडतात, आणि ज्याने काम केले त्याच्यापर्यंत ते पोहोचावेत म्हणून आपल्याला काय करता येते?

खोली साफ करणाऱ्यांसाठी पैसे ठेवायचे तर ते रोजच्या रोज ठेवावेत. पाळ्या बदलतात, साप्ताहिक सुट्या येतात, मजले बदलून दिले जातात. त्यामुळे चार दिवसांची टिप शेवटच्या सकाळी एकदम ठेवली, तर आधीचे तीन दिवस राबलेल्या माणसाच्या वाट्याला त्यातले काहीच येत नाही. दुसरे असे की, टेबलावर सुट्या पडलेल्या नोटा या पाहुण्याच्या मालकीच्या मानल्या जातात आणि त्या उचलल्यास चोरीचा आळ येऊ शकतो, म्हणून प्रामाणिक कर्मचारी त्यांना हातही लावत नाहीत. यासाठी पैशांसोबत ‘हाउसकीपिंगसाठी, आभार’ अशी एक चिठ्ठी असणे आवश्यक आहे. हॉटेलचाच कागद किंवा पाकीट त्याला पुरते. काही हॉटेलांत चेक-आउटनंतर खोली तपासायला आधी वेगळाच कर्मचारी येतो, तेव्हा मजल्यावर गाडी घेऊन काम करणारी व्यक्ती दिसली तर तिच्या हातात पैसे देणे सर्वांत चांगले. अलीकडे अनेक ठिकाणी मागितल्याशिवाय रोजची सफाई होत नाही. म्हणून टिप द्यायची गरज नाही, असा निष्कर्ष काही जण काढतात. वस्तुतः साठलेला सगळा पसारा शेवटी एकाच फेरीत आवरावा लागतो आणि तेच काम सर्वांत कष्टाचे असते, त्यामुळे तिथे निघण्याच्या दिवशीची टिप थोडी मोठी असायला हवी.

२०१४ मध्ये मॅरिएट या हॉटेल कंपनीने अमेरिका आणि कॅनडातील आपल्या अनेक हॉटेलांच्या खोल्यांत टिपसाठी खास पाकिटे ठेवायला सुरुवात केली, तेव्हा बरीच टीका झाली. कंपनीने पाहुण्यांपुढे हात पसरण्याऐवजी स्वतःच पगार वाढवावा, असे टीकाकारांचे म्हणणे होते, आणि ते मला पटते. तरीही त्या पाकिटांमुळे एक गोष्ट साधली: ज्या पाहुण्याच्या हे कधी मनातही आले नव्हते, त्याला खोली आपोआप स्वच्छ होत नाही याची आठवण राहिली.

पगाराचा काही भार पाहुण्यांवर ढकलण्याची ही पद्धत जुनी आहे. अमेरिकेतील पुलमन कंपनीने आपल्या झोपण्याच्या रेल्वेडब्यांत सेवेसाठी कृष्णवर्णीय पोर्टर नेमले, ज्यांच्यातील सुरुवातीचे अनेक जण नुकतेच गुलामगिरीतून मुक्त झालेले होते. त्यांना तुटपुंजे वेतन दिले जाई आणि पोट भरण्यासाठी प्रवाशांच्या टिपवर अवलंबून राहावे लागे. कामगार नेते ए. फिलिप रँडॉल्फ यांच्या नेतृत्वाखाली या पोर्टरांनी १९२५ मध्ये संघटना उभारली आणि बारा वर्षांच्या लढ्यानंतर, १९३७ मध्ये, कंपनीला वेतन आणि कामाच्या तासांविषयी करार करायला लावला. त्याच देशात टिपविरोधी चळवळही होती. वॉशिंग्टन राज्याने १९०९ मध्ये टिपवर कायद्याने बंदी घातली, आणखी काही राज्ये तिच्या मागे गेली, पण १९२६ पर्यंत हे सगळे कायदे रद्द झाले. आज तिथल्या संघीय कायद्यानुसार नियमित टिप मिळणाऱ्या कर्मचाऱ्याला मालक ताशी २.१३ डॉलर इतके रोख वेतन देऊ शकतो, आणि हा आकडा १९९१ पासून बदललेला नाही; टिप धरून एकूण रक्कम ताशी ७.२५ डॉलरपर्यंत पोहोचली म्हणजे झाले. काही राज्यांनी ही सवलत नाकारलेली आहे. ‘मला ही पद्धत मान्य नाही, म्हणून मी टिप देत नाही’ असे म्हणणारा प्रवासी अशा व्यवस्थेत मालकाचे काहीच बिघडवत नाही. त्याच्या तत्त्वाची किंमत फक्त तो कर्मचारी मोजतो.

याच्या उलट टोकाला जपान आहे. तिथे टिप देण्याची प्रथा नाही, आणि टेबलावर राहिलेले पैसे परत करण्यासाठी कर्मचारी मागे धावत येण्याची शक्यता असते. ते नाकारले गेले तर आग्रह करू नये.

बिलाकडे नीट पाहिले तर निम्मे प्रश्न तिथेच सुटतात. सर्व्हिस चार्ज लावला आहे का, हे पाहिल्याशिवाय टिप देऊ नये. खोलीत मागवलेल्या जेवणाच्या बिलात तर सर्व्हिस चार्ज, खोलीपर्यंत पोहोचवण्याचा आकार आणि त्याखाली टिपसाठी रिकामी ओळ, असे तिन्ही एकत्र असू शकते. खोलीच्या भाड्याशिवाय काही हॉटेले लावतात ती रिसॉर्ट फी ही टिप नव्हे, ती हॉटेलच्या उत्पन्नात जमा होते. फ्रान्समध्ये उपाहारगृहांच्या दरांतच सेवेचा आकार धरलेला असतो. भारतात केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने जुलै २०२२ मध्ये मार्गदर्शक सूचना काढून हॉटेले व उपाहारगृहांना बिलात सर्व्हिस चार्ज आपोआप लावण्यास मनाई केली आणि दिल्ली उच्च न्यायालयाने मार्च २०२५ मध्ये त्या सूचना योग्य ठरवल्या. बिलातून किंवा कार्डावरून दिलेली टिप मालकाकडे अडकू नये यासाठीही कायदे झाले आहेत. इंग्लंड, स्कॉटलंड आणि वेल्समध्ये १ ऑक्टोबर २०२४ पासून संपूर्ण टिप आणि सर्व्हिस चार्ज कर्मचाऱ्यांना देणे मालकावर बंधनकारक आहे, तर अमेरिकेत २०१८ च्या दुरुस्तीनुसार मालक, व्यवस्थापक आणि पर्यवेक्षक यांना कर्मचाऱ्यांची टिप स्वतःकडे ठेवता येत नाही. जिथे असे संरक्षण नाही, तिथे रोख रक्कम थेट हातात देणे अधिक सुरक्षित.

प्रवासातील काही कामांत टिप हा उत्पन्नाचा मोठा भाग असतो आणि हे प्रवाशाला सहसा ठाऊक नसते. मोठ्या प्रवासी जहाजांवर बहुधा प्रत्येक प्रवाशाच्या बिलात दररोज ठरावीक रक्कम टिप म्हणून लावली जाते आणि ती केबिन सांभाळणारे, वाढपी व पडद्यामागे काम करणारे यांच्यात वाटली जाते. स्वागतकक्षात जाऊन ही रक्कम कमी करून घेता येते, म्हणून ती सरसकट काढायला लावणारे प्रवासी आहेत. एका वाढप्यावर राग काढताना ते कपडे धुणाऱ्याचे पैसे कापत असतात. शहरातील ‘मोफत’ पायी सहलींचा प्रकार याहून चमत्कारिक आहे. त्यांतील अनेक वाटाड्यांना पगार नसतो, उलट आलेल्या प्रत्येक पाहुण्यामागे संयोजक कंपनीला ठरावीक रक्कम त्यांनाच द्यावी लागते, म्हणजे दोन तास ऐकून टाळ्या वाजवून निघून जाणाऱ्या पाहुण्यामुळे वाटाड्याला प्रत्यक्ष तोटा होतो.

पर्वतारोहणात तर हा प्रश्न सर्वांत टोकदार होतो. टांझानियातील किलीमांजारो पर्वतासारख्या मोहिमेत मुख्य वाटाड्या, त्याचे साहाय्यक, स्वयंपाकी आणि ओझी वाहणारे असा मोठा चमू असतो, आणि शेवटच्या दिवशी सगळ्यांची टिप एकत्र करून मुख्य वाटाड्याच्या हाती सोपवण्याची पद्धत आहे. पुढे ती कशी वाटली गेली हे प्रवाशाला कळत नाही, आणि ज्याच्या डोक्यावर सर्वांत जास्त भार होता त्याच्या वाट्याला सर्वांत कमी येण्याचा धोका राहतो. तिथल्या हमालांसाठी काम करणारी ‘किलीमांजारो पोर्टर्स असिस्टन्स प्रोजेक्ट’ ही संस्था टिपच्या वाटपात पारदर्शकता असावी असा आग्रह धरते. कुणाला किती हे सर्वांसमोर मोठ्याने सांगणे किंवा प्रत्येकाचे पाकीट वेगळे करून त्याच्या हातात देणे, हे दोन्ही उपाय सोपे आहेत. बसच्या सहलीतही हेच तत्त्व लागू पडते: मार्गदर्शक बोलतो म्हणून त्याला सगळे मिळते, चालक मागे राहतो, तेव्हा दोघांची पाकिटे वेगळी असावीत.

कन्सीअर्जने, म्हणजे पाहुण्यांना माहिती व मदत देणाऱ्या हॉटेल कर्मचाऱ्याने, रस्ता सांगितला किंवा नकाशा दिला तर टिपची गरज नाही. ज्या कार्यक्रमाची सगळी तिकिटे विकली गेली आहेत, त्याची तिकिटे मिळवून दिली तर द्यावी. विमानतळावरून मोफत आणणाऱ्या गाडीच्या चालकाने सामान उचलले असेल तर त्यालाही द्यावी. मालकाला, व्यवस्थापकाला आणि सहसा विमानातील कर्मचाऱ्यांनाही टिप देत नाहीत. सेवा वाईट असेल तर तक्रार व्यवस्थापकाकडे करावी, आणि त्याआधी दोष कुणाचा याचा विचार करावा, कारण खोली उशिरा मिळाली यात सामान वाहणाऱ्याचा काही संबंध नसतो. अपमान करण्यासाठी मुद्दाम एखादे क्षुल्लक नाणे ठेवणे हा प्रकार मला हीन वाटतो. चारचौघांत नोटा मोजत देणेही बरे दिसत नाही.

शेवटी चलनाविषयी. टिप स्थानिक चलनात द्यावी, आणि परदेशी चलन द्यायचेच असेल तर फक्त नोटा द्याव्यात, कारण पैसे बदलून देणारी केंद्रे परदेशी नाणी सहसा घेत नाहीत आणि ती कर्मचाऱ्याच्या काही उपयोगाची नसतात. रोख पैसे जवळ न बाळगणाऱ्यांसाठी काही हॉटेलांनी खोलीत क्यूआर कोड लावायला सुरुवात केली आहे. सोय चांगली आहे, पण पैसे भरण्यापूर्वी ते त्या मजल्यावरील कर्मचाऱ्याला मिळणार की सगळ्यांत वाटले जाणार, आणि मधली सेवा त्यातून काही शुल्क कापते का, हे स्वागतकक्षात विचारून घ्यावे.