तुम्ही विचारलंत म्हणून: एवढं कडवट का वाचायला देता?

कॉलेज रोडला क्लासमधल्या मुलांचे पालक भेटले की हमखास विचारतात, मॅडम, तो स्विफ्ट माणसाला इतकं घालूनपाडून बोलतो, पोरांना कशाला वाचायला देता?

जोनाथन स्विफ्ट हा इंग्रजीत उपरोधाने लिहिणारा लेखक, डब्लिनच्या सेंट पॅट्रिक्स कॅथेड्रलचा डीन, म्हणजे पेशाने धर्मगुरू. आयर्लंडमध्ये पिकं बुडालेली, जमीनदार इंग्लंडमध्ये बसून खंड वसूल करतायत, रस्त्यावर बायका चार-चार पोरं घेऊन भीक मागतायत, आणि हा १७२९ मध्ये ‘अ मॉडेस्ट प्रपोजल’ नावाचं उपरोधाचं पत्रक काढतो की गरिबांची वर्षाची पोरं श्रीमंतांना खायला विका. वर शांतपणे हिशोब: १,२०,००० मुलं, २०,००० पैदाशीला ठेवायची, उरलेली १,००,००० विकायची, एका पोरात पाहुण्यांसाठी दोन पदार्थ होतील, कातड्याचे हातमोजे. वाचताना पोटात ढवळतं, ढवळायलाच हवं. जमीनदारांना तर तो म्हणतो, आईबापांना तुम्ही आधीच खाल्लंय, मग पोरांवरही पहिला हक्क तुमचाच.

पण शेवटाकडचा एक परिच्छेद मी वर्गात दोनदा वाचून घेते. बाकीचे उपाय मला सांगू नका असं म्हणत तो तेच उपाय सांगत सुटतो, परदेशी राहणाऱ्या जमीनदारांवर कर लावा, इथलाच माल वापरा, कुळांवर थोडी दया करा. आणि हे त्याने आधी सरळ लिहून पाहिलेलं होतं हो! १७२० मध्ये आयरिश मालच वापरा असं लिहिलं तर छापणाऱ्यावर खटला भरला.

आपल्याकडे लासलगावला कांदा कोसळला की जेवता जेवता "बरं झालं, स्वस्त झाला" म्हणणारे, कुंभ जवळ आला की "घाटावरचे भिकारी आधी हलवा, कसं दिसतं ते" म्हणणारे मी ऐकलेत, चांगली, देवभोळी माणसं, आवाज अगदी शांत. स्विफ्ट नक्कल करतो ती या आवाजाची. गरिबाला तो एका शब्दानेही हसत नाही.

आणि ज्याला माणसाचा तिटकारा होता असं म्हणता, त्याने मरताना आपली बहुतेक इस्टेट डब्लिनमध्ये मनोरुग्णांचं हॉस्पिटल काढायला ठेवली. १७५७ मध्ये ते सुरू झालं.

लहान वर्गांना मी हे देत नाही, तुमचं तेवढं म्हणणं मला पटतं. अकरावी-बारावीला मात्र देणारच, आणि तुम्हीही आधी वाचा, छोटंसंच आहे, मग माझ्याशी भांडायला या.