आमची वाटचाल : रोपा विएहाचं पातेलं

मी वसईची, ख्रिस्ती घरातली. लग्न होऊन फ्लोरिडात, मायामीशेजारच्या हायलीआला आले. सासूबाई क्युबाच्या कामाग्वेयच्या, म्हणजे गुरांच्या मुलखातल्या. १९६८मध्ये आईचं बोट धरून फ्रीडम फ्लाइटने, म्हणजे क्युबा सोडणाऱ्यांना अमेरिकेत आणणाऱ्या विमानाने, मायामीला उतरल्या. आमचा डब्यांचा धंदा उभा आहे तो त्यांच्या हातच्या एका पदार्थावर.

रोपा विएहा म्हणजे स्पॅनिशमध्ये ‘जुने कपडे’. शिजलेल्या बीफचे तंतू सुटले की खरंच विटलेल्या कापडाच्या चिंध्या दिसतात. पदार्थ मुळात स्पेनचा. स्पेनच्याच कॅनरी बेटांवर उरलेल्या मांसात काबुली चणे घालून करतात. तिथले लोक क्युबात आले आणि चणे मागे राहिले. १९६२मध्ये क्युबात रेशनकार्ड आलं, पुढे बीफ दुर्मीळ झालं. सरकारी परवानगीशिवाय गाय-बैल कापणं गुन्हा. त्यामुळे तिकडे बरेचदा कोकराचं मटण वापरतात. सासूबाईंना याचं फार वाईट वाटतं, आणि मलाही.

इथे घरच्या स्वयंपाकघरातून मांसाचे पदार्थ विकता येत नाहीत, म्हणून आम्ही परवाना असलेलं किचन तासावर भाड्याने घेतलं. पहिली मोठी ऑर्डर बाप्तिस्म्याची, चाळीस ताटांची. वेळ वाचवायला मी मांस मशीनमध्ये फिरवलं. त्याचा नुसता भुगा झाला. सासूबाईंनी पातेल्यात डोकावून फक्त माझ्याकडे बघितलं. मी यजमानांना पैसे परत केले.

तेव्हापासून हातानेच. ‘फाल्दा’ म्हणजे गाईच्या पोटाकडचा लांब धाग्यांचा तुकडा. एक किलोचे चार बोटं रुंदीचे भाग धाग्याला आडवे कापायचे, नाहीतर तंतू फार लांब होऊन दातात अडकतात. कांदा, तमालपत्र घालून मंद आचेवर दोन तास. पाणी खळखळू द्यायचं नाही. कोमट असतानाच बोटांनी सोडवायचं. गार झालं की तुटतं. मग ऑलिव्ह तेलात दोन कांदे, दोन हिरव्या ढोबळी मिरच्या, सहा लसूणपाकळ्या. या परतण्याला सोफ्रितो म्हणतात. जिरेपूड, ओरेगॅनो, टोमॅटो, अर्धी वाटी ‘विनो सेको’. या स्वयंपाकाच्या वाइनमध्ये मीठ असतंच, म्हणून वेगळं मीठ अगदी शेवटी. ते मांस आणि त्याचाच थोडा रस्सा घालून अर्धा तास मुरू द्यायचं. वरून ऑलिव्ह आणि लाल ढोबळी मिरचीच्या पट्ट्या.

डब्यात सोबत पांढरा भात, काळे घेवडे आणि तळलेली पिकी केळी. केळी मात्र मी निवडते. साल काळी पडेपर्यंत थांबायचं, हे सुकेळी वाळवणाऱ्या आमच्या गावात मी लहानपणीच शिकले होते. पहिल्यांदा माझी केळी खाल्ली तेव्हा सासूबाईंनी ताट पुढे केलं आणि म्हणाल्या, “अजून दोन.” आता पहाटे पाचला त्या स्टुलावर बसून मांस सोडवतात, शेजारी मी केळी सोलते.